उरलेले तीन पर्याय

प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणारा उमेदवार सराव प्रश्नांकडे बहुधा दोन अपेक्षांनी पाहतो: तयारी कुठवर आली आहे हे त्यांतून कळावे, आणि त्यांतले काही प्रश्न जसेच्या तसे नाही तरी थोड्याफार फरकाने प्रत्यक्ष परीक्षेत यावेत. पहिली अपेक्षा अपुरी आहे आणि दुसरी घातक आहे. सराव प्रश्नातून जे शिकायचे असते ते बहुतांशी त्याच्या नाकारलेल्या तीन पर्यायांत असते आणि नेमके तेच पर्याय उमेदवार पुढचा प्रश्न उघडण्याच्या घाईत मागे टाकून जातो, ही या व्याख्यानाची भूमिका आहे. कार्यक्रमपत्रिकेत छापलेला विषय याहून व्यापक आहे. तथापि विवेचनाचा भर याच एका मुद्द्यावर राहणार आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

माहिती-तंत्रज्ञान, बांधकाम आणि वाहन उद्योगांत काम करणारे श्रोते मोठ्या संख्येने उपस्थित असताना पीएमपी म्हणजे काय हे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. परंतु हे व्याख्यान छापून येणार असल्याने, वाचकांपुरते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही अमेरिकी संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिने १९८४ मध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ हे प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला. चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला किमान ३६ महिने आणि तशी पदवी नसलेल्याला ६० महिने प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. त्याखेरीज ३५ तासांचे औपचारिक प्रशिक्षण लागते. २ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या आराखड्यात १८० प्रश्न आणि २३० मिनिटे असे स्वरूप ठरले, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ. त्यांपैकी पाच प्रश्न गुणांत न धरले जाणारे, केवळ चाचणीसाठी घातलेले होते आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नसे. प्रश्नांचा ४२ टक्के भाग माणसांशी, ५० टक्के कार्यपद्धतीशी आणि उरलेला ८ टक्के व्यवसायाच्या परिस्थितीशी संबंधित ठेवण्यात आला, आणि निम्म्याच्या आसपास प्रश्न अजाइल किंवा मिश्र पद्धतीच्या प्रकल्पांवरचे असतील असे संस्थेने जाहीर केले. अजाइल म्हणजे सगळे काम आरंभीच आखून न टाकता छोट्या छोट्या टप्प्यांत करत, प्रत्येक टप्प्याअखेरीस ग्राहकाचे मत घेत पुढे जाण्याची पद्धत. बहुपर्यायी प्रश्नाचा जन्म, अमेरिकी शाळांमधून त्याचा झालेला प्रसार, यंत्राने उत्तरपत्रिका तपासण्याचे युग हा सगळा इतिहास रंजक असला तरी आज त्यात शिरण्यास सवड नाही.

या परीक्षेतील प्रश्नाची घडण समजली नाही तर पुढचे सारे विवेचन अधांतरी राहील. शालेय परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नात एक पर्याय खरा आणि तीन खोटे असतात. येथे मात्र चारही पर्याय बहुधा खरी, करण्याजोगी कामे असतात, आणि विचारलेले असते ते एवढेच की प्रकल्प व्यवस्थापकाने ‘प्रथम’ काय करावे, किंवा ‘यानंतर’ काय करावे. उदाहरणादाखल पुढील प्रश्न घेता येईल, जो कोणत्याही प्रश्नसंचातून न घेता या व्याख्यानासाठी रचलेला आहे. एका बँकेसाठी सॉफ्टवेअर तयार होत आहे. कामाची व्याप्ती, वेळापत्रक आणि खर्च यांना रीतसर मंजुरी मिळालेली आहे. बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रकल्प व्यवस्थापकाला न विचारता थेट एका प्रोग्रामरला एक जादा अहवाल तयार करण्यास सांगितले आणि त्याने ते काम सुरूही केले. व्यवस्थापकाने प्रथम काय करावे? पहिला पर्याय, प्रायोजकाकडे, म्हणजे प्रकल्पाला पैसा आणि अधिकार देणाऱ्याकडे, तक्रार करावी. दुसरा, बदल नियंत्रण मंडळापुढे बदलाची रीतसर मागणी ठेवावी. तिसरा, प्रोग्रामर आणि अधिकारी या दोघांशी बोलून या कामाचा वेळ, खर्च आणि व्याप्ती यांवर काय परिणाम होईल ते तपासावे. चौथा, वेळापत्रकात नवे काम घालून सर्व संबंधितांना कळवावे.

उत्तर तिसरे आहे, कारण परिणाम तपासल्याशिवाय मंडळापुढे ठेवण्यासारखे काहीच हाती नसते. अशा प्रश्नात अनेक उमेदवार दुसऱ्यासारखा पर्याय निवडतात, कारण ‘बदल म्हटला की बदलाची मागणी’ असे समीकरण पाठ झालेले असते. उत्तरसूची पाहून ‘अच्छा, तिसरे होय’ असे म्हणत ते पुढे जातात आणि या प्रश्नाचा लाभ तेथेच संपतो. वास्तविक काम येथून सुरू व्हावयास हवे. दुसरा पर्याय केव्हा बरोबर ठरला असता? परिणामांचा अभ्यास झालेला आहे, असे एखादे वाक्य प्रश्नात असते तेव्हा. चौथा केव्हा? मंडळाने बदल मंजूर केलेला असता तेव्हा. पहिला केव्हा? व्यवस्थापकाने अधिकाऱ्याशी बोलून पाहिले, अधिकारी ऐकण्यास तयार नाही आणि वाद व्यवस्थापकाच्या अधिकारकक्षेबाहेर गेला, असे प्रश्नात म्हटले असते तेव्हा. अशा रीतीने चार पर्याय म्हणजे एकाच घटनेच्या चार वेगवेगळ्या क्षणांची चार बरोबर उत्तरे आहेत आणि प्रश्नाने त्यांपैकी एकच क्षण पकडलेला आहे. ज्याने उरलेल्या तिन्ही पर्यायांचे क्षण ओळखले, त्याने एका प्रश्नात चार प्रश्न सोडवले.

याच प्रश्नातला केवळ एक तपशील बदलून पाहावा. व्याप्तीला आरंभीच मंजुरी मिळाली आहे, याऐवजी संघ दर दोन आठवड्यांनी चालू स्थितीतले सॉफ्टवेअर दाखवतो, असे म्हटले की ज्या बदल नियंत्रण मंडळाभोवती मघाचा विचार फिरत होता ते चित्रातूनच बाहेर जाते. आता त्या अधिकाऱ्याला प्रॉडक्ट ओनरकडे, म्हणजे काय आधी आणि काय नंतर हे ठरवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडे, नेले पाहिजे, आणि त्याची मागणी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करावयाच्या कामांच्या क्रमवार यादीत, कोठे बसते ते तिने ठरवले पाहिजे. माणसे तीच, मागणी तीच, आणि उत्तर दुसरे. ‘दर दोन आठवड्यांनी’ हे शब्द वाचताना जो अडखळला नाही त्याचे उत्तर चुकणार, आणि अडखळण्याची ही सवय एका दिवसात पाचशे प्रश्न सोडवून लागत नाही.

आकडेमोडीच्या प्रश्नांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. अर्न्ड व्हॅल्यू ही पद्धत, म्हणजे झालेल्या कामाचे मूळ अंदाजपत्रकाच्या भावाने पैशांत मोजमाप करण्याची रीत, परीक्षेत पूर्वीइतक्या वेळा विचारली जात नसली तरी तिच्या सरावातून मिळणारी दृष्टी मोलाची आहे. समजा, एका प्रकल्पाचे एकूण अंदाजपत्रक ८० लाख रुपयांचे आहे, आजपर्यंत निम्मे काम व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात ४० टक्के झाले आहे आणि खर्च ४० लाख झाला आहे. झालेल्या कामाचे मूल्य ३२ लाख. त्याला खर्चाने भागले की खर्चाचा निर्देशांक ०.८ येतो, म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक रुपयामागे ८० पैशांचे काम हाती लागले आहे. खर्चाचा हाच दर पुढे राहिला तर प्रकल्प किती रुपयांत पुरा होईल? ८० लाखांना ०.८ ने भागले की एक कोटी. आता पर्यायांत ८८ लाख हा आकडा दिसतो आणि उमेदवार त्याला ‘चुकीचा’ म्हणून खोडतो. परंतु ८८ लाख हा आकडा हवेतून आलेला नाही: झालेला खर्च ४० लाख आणि उरलेल्या कामाचे मूळ अंदाजपत्रक ४८ लाख यांची ती बेरीज आहे, आणि आतापर्यंतचा जादा खर्च एकाच वेळच्या अडचणीमुळे झाला, पुढचे काम ठरल्या भावाने होईल, असे प्रश्नात म्हटले असते तर तेच बरोबर उत्तर ठरले असते. पर्यायांत १२० लाख असा आकडा असेल तर तो झालेल्या खर्चात पूर्ण अंदाजपत्रक मिळवून झालेले काम वजा करण्यास विसरलेल्याचा आहे. प्रश्न रचणाऱ्याने प्रत्येक आकड्यामागे एक विशिष्ट विचार किंवा एक विशिष्ट विस्मरण ठेवलेले असते, आणि ते शोधून काढणे म्हणजे प्रश्नकर्त्याच्या डोक्यात शिरणे होय.

यातून निघणारी कार्यपद्धती साधी आहे, आणि तिचा आग्रह धरण्यासाठीच आजचे व्याख्यान आहे. एक वही घ्यावी. प्रत्येक प्रश्नासाठी प्रश्न उतरवून न घेता त्यातील परिस्थिती दोन ओळींत लिहावी. निवडलेला पर्याय लिहावा. त्यापुढे खात्री किती होती ते ‘पक्की’, ‘अर्धी’ किंवा ‘अंदाज’ अशा तीन शब्दांपैकी एकाने नोंदवावे, आणि हे सर्व उत्तर पाहण्यापूर्वी करावे. त्यानंतर उरलेल्या तीन पर्यायांपुढे प्रत्येकी एकेक वाक्य लिहावे: हा पर्याय येथे का नाही, आणि कोणती परिस्थिती असती तर तो बरोबर ठरला असता. वाक्ये मराठीत लिहावीत. परीक्षा मराठीत देता येत नाही हे खरे. परंतु इंग्रजी स्पष्टीकरणातले शब्द उचलून वहीत ठेवणे फार सोपे असते आणि त्याने समजल्याचा आभास निर्माण होतो, तर तेच कारण मराठीत सांगावयाचे म्हटले की न समजलेली जागा तत्काळ उघडी पडते. अशा पद्धतीने तासाभरात दहा-बारा प्रश्नच होतील. तेवढे पुरेत. ‘दोन हजार प्रश्न सोडवले’ असे सांगणाऱ्या उमेदवाराने त्यांतल्या दोनशे प्रश्नांबाबत तरी हे केले असते, तर उरलेले अठराशे सोडवण्याची गरज त्याला भासली नसती, असे ठाम विधान येथे करण्यात येत आहे.

या कार्यपद्धतीला मानसशास्त्रातील प्रयोगांचाही आधार आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर प्रयोग करून वाचनानंतर लवकर घेतलेली चाचणी विस्मरण रोखते असे दाखवले. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला, दुसऱ्याने एकदाच अभ्यासून तीनदा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आणि आठवणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर सांगता आला. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरला होता आणि आठवणाऱ्यांकडे ६१ टक्के. विशेष म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वारंवार वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. पुस्तकाची पाने पुन्हा पुन्हा रंगवणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

तथापि याच संशोधनाची दुसरी बाजू आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये असे दाखवले की बहुपर्यायी चाचणीत वाचलेले चुकीचे पर्याय पुढे उमेदवाराच्या मनात खरी माहिती म्हणून शिरू शकतात. म्हणजे नुसते प्रश्न सोडवत गेलेला माणूस काही बाबतींत पूर्वीपेक्षा अधिक चुकीचे जाणू लागतो. उत्तर तपासून पाहिले तर हा धोका पुष्कळ कमी होतो, असे नंतरच्या प्रयोगांतून दिसले. उरलेल्या तीन पर्यायांचा हिशेब चुकता करण्याचा आग्रह त्यासाठीच आहे: तपासल्याविना सोडलेला पर्याय डोक्यात तसाच राहतो. वहीतील ‘पक्की’ या नोंदीलाही असाच आधार आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ मधील प्रयोगात, पूर्ण खात्रीने दिलेले चुकीचे उत्तर दुरुस्त केले गेले तर ती दुरुस्ती, अंदाजाने दिलेल्या चुकीच्या उत्तराच्या दुरुस्तीपेक्षा अधिक चांगली ठसते असे आढळले. म्हणून सरावात पक्क्या खात्रीने चुकलेला प्रश्न हा उमेदवाराच्या हाती लागलेला सर्वांत किमती प्रश्न होय.

या ठिकाणी श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आलेली आहे आणि ती वाचून दाखवताच सभागृहात उसळलेला हशा पाहता ती अनेकांच्या मनातली दिसते: ‘मग दहावीला अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पास झालेल्या पिढ्यांचे काय?’ प्रश्न गमतीने विचारलेला असला तरी त्याचे उत्तर गांभीर्याने देणे भाग आहे. अपेक्षित प्रश्नसंचाने ज्या परीक्षेत यश मिळते ती परीक्षा ठराविक पाठ्यपुस्तकातील ठराविक मजकुरावर बेतलेली असते. पीएमपीच्या प्रश्नाला असे पुस्तक नाही. पीएमबॉक या नावाने ओळखला जाणारा संस्थेचा मार्गदर्शक ग्रंथ सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रियांची मांडणी करत होता, आणि २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ती चौकट बाजूला ठेवून १२ तत्त्वे आणि आठ कार्यक्षेत्रे पुढे आणली. परीक्षा मात्र स्वतंत्र आराखड्यावर चालते. अपेक्षित प्रश्नांच्या वाटेने येथे पोहोचता येत नाही. सभागृहात शिकवण्या चालवणारे काही मान्यवर बसलेले आहेत आणि त्यांच्यापैकी दोघांनी मघापासून मान हलवून असहमती दर्शवलेली आहे. त्यांच्या श्रमांविषयी अनादर मुळीच नाही, ३५ तासांची अट त्यांच्यामुळेच अनेकांना पुरी करता येते. परंतु अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती हजारो प्रश्नांची फाइल ठेवून ‘एवढे करा, पास व्हाल’ असे सांगण्याची जी रीत पडली आहे, ती विद्यार्थ्याच्या हिताची नाही, आणि हे विधान मागे घेण्याचे कारण दिसत नाही.

दुसरी एक तक्रार नेहमी ऐकू येते: ‘आमच्या कंपनीत असे करत नाहीत.’ परीक्षेतील व्यवस्थापक काल्पनिक आहे. त्याला पुरेसे अधिकार आहेत, तो संघातील भांडण प्रायोजकाकडे नेण्यापूर्वी स्वतः बोलून सोडवतो, आणि कृती करण्यापूर्वी कारण शोधतो. दहा-पंधरा वर्षे प्रकल्प चालवलेल्या माणसाला हा व्यवस्थापक भाबडा वाटतो. परंतु नाकारलेल्या पर्यायांची कारणे लिहिताना अनुभव निकामी ठरत नाही. त्याला शिस्त लागते. हे दाखवण्यासाठी कोकण रेल्वेचे उदाहरण घेणे उचित होईल.

रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा हा लोहमार्ग १९९० मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधला. भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. हितसंबंधी, म्हणजे ज्यांच्यावर प्रकल्पाचा परिणाम होतो किंवा जे प्रकल्पावर परिणाम करू शकतात अशी माणसे आणि संस्था, या संकल्पनेचा याहून बोलका पाठ शोधून सापडणार नाही: चार राज्ये, एक मंत्रालय, रोखे घेणारे गुंतवणूकदार, आणि ज्यांच्या शेतातून, बागेतून रूळ जाणार ती कोकणातली व गोव्यातली कुटुंबे. गोव्यात खाजण जमिनी आणि वस्त्यांच्या प्रश्नावरून मार्गाला कडाडून विरोध झाला, काम काही काळ थांबवावे लागले आणि चौकशी नेमावी लागली. सह्याद्रीच्या कातळातून नव्वदहून अधिक बोगदे काढताना यंत्रे उपयोगी पडली. परंतु गोव्यातील पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा पाण्याने भरलेल्या मऊ मातीतून जात होता, तेथे खणलेला भाग पुन्हा पुन्हा खचत होता, मोठी यंत्रे आत नेता येत नव्हती, आणि हाताच्या अवजारांनी थोडे थोडे पुढे सरकावे लागत होते. या मऊ मातीच्या बोगद्यांत मजुरांचे प्राणही गेले. पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला तो पेडणे पार झाल्यावरच. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, त्याच बोगद्यात पाणी व चिखल शिरल्याने वाहतूक बंद ठेवावी लागली. ज्यांच्या घरातील मंडळी गणपतीला याच मार्गाने गावी जातात त्यांना हा बोगदा केवळ अभियांत्रिकीचा विषय वाटणार नाही. सभागृहात कोकणातून आलेले बरेच श्रोते आहेत, आणि पेडण्याचा उल्लेख होताच त्यांच्यात जी कुजबुज सुरू झाली ती स्वाभाविक आहे.

विषय लांबला असला तरी त्यातून काढावयाचा मुद्दा असा. जोखीम म्हणजे अजून न घडलेली, घडू शकेल अशी घटना. अडचण म्हणजे घडून गेलेली. माती मऊ आहे, छत खचू शकते, असे भूगर्भ तपासणीत दिसले तर ती जोखीम, आणि तिची नोंद जोखीम नोंदवहीत उपाययोजनेसह व्हावयास हवी. छत खचले की ती अडचण. आता एखादा सराव प्रश्न असा येतो: नोंदवहीत लिहिलेली जोखीम प्रत्यक्षात उतरली आहे, व्यवस्थापकाने प्रथम काय करावे? पर्याय: नोंदवही अद्ययावत करावी, आधी ठरलेली उपाययोजना अमलात आणावी, प्रायोजकाकडे जादा वेळ मागावा, कारणांचा अभ्यास करण्यासाठी बैठक बोलवावी. अपेक्षित उत्तर दुसरे. अनुभवी अभियंता म्हणेल की पेडण्यासारख्या ठिकाणी प्रथम आतली माणसे बाहेर काढावी लागतात, आणि त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. चांगल्या उपाययोजनेत ते पहिलेच पाऊल असते. तिसरा पर्याय केव्हा बरोबर? ठरलेली योजना करून पाहिली आणि ती पुरी पडली नाही, जशी मऊ मातीत ती वारंवार पुरी पडत नव्हती, तेव्हा. चौथा? तीच घटना पुन्हा पुन्हा घडू लागते तेव्हा. पहिला? योजना अमलात आल्यानंतर, तिचे फळ काय मिळाले हे नोंदवताना. पेडण्याच्या वर्षानुवर्षांच्या कामात हे चारही क्षण येऊन गेले असणार हे कोणाही अभियंत्याला सहज पटेल. वहीत कारण लिहिताना अनुभवी माणसाने स्वतःच्या कामातला असा क्षण शोधावा. मग ‘आमच्या कंपनीत असे करत नाहीत’ या वाक्याची जागा ‘आमच्याकडे हे केव्हा केले गेले होते’ हा शोध घेतो.

अध्यक्षांकडून वेळ संपत आल्याची सूचना मिळालेली आहे, त्यामुळे नियोजित भागापैकी प्रश्नसंचांच्या तुलनेचा भाग सर्वस्वी वगळावा लागत आहे आणि उरलेले मुद्दे धावते घ्यावे लागत आहेत. पहिला मुद्दा सराव परीक्षेतील टक्केवारीचा. किती टक्के पडले की परीक्षेला बसावे, या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही, कारण उत्तीर्णतेची टक्केवारी संस्था जाहीरच करत नाही. निकालपत्रावर प्रत्येक विभागापुढे अपेक्षेपेक्षा वर, अपेक्षेइतके, अपेक्षेपेक्षा खाली आणि सुधारणा हवी अशा अर्थाच्या चार श्रेणींपैकी एक असते. तोच संच दुसऱ्यांदा सोडवून वाढलेले गुण हे ओळखीचे गुण असतात, आकलनाचे नव्हेत. ते मोजूच नयेत.

दुसरा मुद्दा ‘डम्प’ या नावाने फिरणाऱ्या, प्रत्यक्ष परीक्षेतून बाहेर आल्याचा दावा करणाऱ्या प्रश्नांचा. परीक्षेतील प्रश्न बाहेर सांगणार नाही अशी हमी प्रत्येक उमेदवाराकडून घेतलेली असते, आणि ज्या व्यवसायाच्या आचारसंहितेची जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्ये आहेत, त्यात प्रवेश करताना पहिलेच पाऊल चोरीच्या मालावर ठेवणे अशोभनीय आहे. शिवाय अशा संचांतील उत्तरे कोणी तपासलेली असतात याची खात्री नसते.

तिसरा मुद्दा, २०२१ पूर्वीच्या प्रश्नसंचांचा. त्यांत कोणत्या प्रक्रियेला कोणती माहिती लागते आणि तिच्यातून काय बाहेर पडते हे पाठांतर विचारणारे प्रश्न पुष्कळ असतात. ते बाजूला ठेवावेत, परिस्थितीवरचे प्रश्न मात्र अजूनही उपयोगी आहेत. चौथा, पूर्ण लांबीच्या सराव परीक्षेचा: वहीची पद्धत कितीही उत्तम असली तरी परीक्षेचा पूर्ण वेळ एका जागी बसून निर्णय घेण्याची क्षमता वहीतून येत नाही, म्हणून दोन-तीन पूर्ण परीक्षा घड्याळ लावून, साठ-साठ प्रश्नांनंतरच्या दहा मिनिटांच्या विश्रांतीसह द्याव्यात. विश्रांतीपूर्वीच्या प्रश्नांकडे नंतर परत जाता येत नाही, हा नियमही घरी पाळावा. आणि दोन सराव परीक्षांमध्ये किमान आठवड्याचे अंतर ठेवावे, कारण मधल्या दिवसांत विसरून पुन्हा आठवण्याचे जे श्रम होतात तेच स्मरण पक्के करतात.

शेवटची चिठ्ठी पुढच्या रविवारी परीक्षा असलेल्या एका भगिनींची आहे; त्यांनी या आठवड्यात काय करावे असे विचारले आहे. नवा प्रश्नसंच विकत घेऊ नये. आतापर्यंत सोडवलेल्या प्रश्नांपैकी जे चुकले आणि चुकताना जराही शंका आली नव्हती, असे वीस-पंचवीस प्रश्न त्यांनी आज रात्रीच निवडून काढावेत, रोज चार घ्यावेत, प्रत्येकाच्या उरलेल्या तीन पर्यायांपुढे ते पर्याय ज्या परिस्थितीत बरोबर ठरतील ती परिस्थिती मराठीत लिहावी, आणि शनिवारी सायंकाळी वही मिटून ठेवावी.